कडूबाईनं फाटक उघडलं न्हाई

कडूबाईवर मी अजून चिडलेली हाय, हे आधीच सांगून टाकते. लोक म्हणतात, तानुबाई, त्या बाईनं तुझी लेक वाचवली. वाचवली, कबूल. पण लेकीला संकटात बी तिनंच टाकलं होतं, तेवढं कुणी बोलत न्हाई. मी दोनी सांगणार. एकच ऐकायचं असंल तर दुसऱ्या कुणाला इचारा.

चुडावा ठेसनावरून पूर्ण्याकडं निघालं की अर्ध्या कोसावर रेल्वेचं फाटक होतं. तिथं सडक रूळ ओलांडायची. फाटकाशेजारी एक खोली, खोलीत टेलिफोन, दोन झेंड्या, एक कंदील आणि कडूबाई. तिचा नवरा तिथं गेटमन होता. तो काविळीनं गेला आणि त्याच्या जागी तिला घेतलं. साल एकोणऐंशी. नामांतराचा ठराव होऊन वर्ष झालेलं, गावागावात माणसं एकमेकांकडं तिरप्या नजरेनं बघायची, आणि अशात एकटी बाई फाटकावर बसणार म्हणल्यावर माझा नवरा चंद्रभान म्हणला, "पंधरा दिवस टिकंल." चंद्रभान गँगमन, रुळाची देखभाल करणारा. फाटकापासून हाकेच्या अंतरावर गँगची चाळ, तिथं आमी राहायचो. ती टिकली. बेजार झालो ते आमी.

बसणार म्हणलं खरं, पण ही बाई बसायचीच न्हाई. पायाला भिंगरी, आणि नोकरी कसली तर बारा घंटे एका जागी! रुळाच्या ह्या अंगाला यायची, त्या अंगाला जायची. खडी सारखी करायची. चुन्यानं रंगवलेले दगड परत रंगवायची. गाडी यायला घंटाभर असला तरी चार बार टेलिफोनला कान लावून बघायची. सुट्टीच्या दिवशी तर इचारूच नका. पहाटे निघायची ती आठ-आठ कोस चालून आमच्या ख्रिस्ती मंडळीची घरं धुंडत फिरायची. कुठल्या गावात आमची तीन घरं, कुठं दोन, कुठं एकच म्हातारी. पूर्ण्याला चर्च होतं, पाळकसाहेब म्हैन्यातून एकदा आमच्याकडं यायचे, ते बी सायकल पंक्चर झाली न्हाई तर. बाकी ज्यानं त्यानं आपल्या घरात दार लावून गाणं म्हणायचं आणि गप बसायचं. दिवसच तसले होते.

हिला ते गप बसणं सहन होईना. तिला फाटक सोडता येत न्हवतं, म्हणून तिनं मंडळीच फाटकावर आणली. दर शुक्रवारी दुपारी, दोन गाड्यांच्या मधल्या वेळात, लिंबाच्या झाडाखाली बायांची सभा. टेलिफोन वाजला की अर्ध्या ओळीत गाणं थांबायचं. ही झेंडी घेऊन पळायची, गाडी गेली की येऊन उरलेली अर्धी ओळ म्हणायची.

आणि तिचा एक कायदा होता. नवीन बाई आली की पाणी इचारायच्या आधी इचारायची, "तू काय करणार?" कुणी गाणं उचलायचं, कुणी वचन पाठ म्हणायचं, कुणी घागर भरून आणायची. "नुसतं बसायचं असंल तर ठेसनावर बाकडं हाय," असं तोंडावर म्हणायची. माझं दुसरं लेकरू गेलं तवा ही बारा घंट्याची ड्युटी करून माझ्या घरी आली. धीराचं एक अक्षर बोलली न्हाई. घर झाडलं, भांडी घासली आणि जाताना म्हणली, "शुक्रवारी ये. पाणी भरायला माणूस न्हाई." मला असला राग आला! लेकरू मातीत गेलंय, आणि हिला पाण्याची पडलीय. पण शुक्रवारी मी घागर घेऊन गेले. का गेले ते मला आजबी सांगता येत न्हाई.

कमलबाई नावाची एक बाई होती, चुडाव्याचीच. नाव इचारलं तरी पदर तोंडात धरायची. पाच वर्षांत सभेत तिच्या तोंडून एक शब्द कुणी ऐकला न्हवता. तिला कडूबाईनं चटई दिली. अंथरायची आणि गुंडाळायची. दर शुक्रवारी कडूबाई सगळ्यांदेखत म्हणायची, "चटई अंथरावी तर कमलनं. कोपऱ्याला कोपरा." मला हसू यायचं. चटईचं कसलं आलंय कौतुक! पण कमलबाई तापानं फणफणलेली असली तरी चटई अंथरायला यायची. तिच्या घरी तिला बरं म्हणणारं कुणी न्हवतं, हे मला लय उशिरा कळलं.

मी पाणी भरायचे आणि 'आमेन' म्हणायचे. मोठ्यानं प्रार्थना मी कवाच केली न्हाई. चारचौघींत देवाशी बोलायची मला लाज वाटायची. भांडायला सांगा, गावाला ऐकू जाईल असं भांडते.

आता तिची खोड सांगते, कारण सगळं रामायण त्या खोडीनं झालं. टेलिफोनवर ठेसनमास्तर गाडीची खबर द्यायचे. गाडीचा नंबर, वेळ, फाटकाचा नंबर. हिनं सगळं जसंच्या तसं परत म्हणून दाखवायचं, एक अक्षर चुकलं तर माणूस मरायचं. त्या सवयीनं ही देवाला बी तशीच खबर द्यायची. "हे प्रभू, चुडावा गावात, पाराच्या डाव्या हाताला तिसरं घर, पत्र्याचं, तिथल्या म्हातारीचा उजवा डोळा बघ." आमी तोंडाला पदर लावून हसायचो. मी एकदा म्हणलं, "कडूबाई, देवाला काय पोस्टमन समजता का?" तर म्हणली, "हसा. पण खबर देताना पत्ता पुरा द्यावा. अर्धा पत्ता दिला की गाडी भलतीकडंच जाती." आणि आवाज तर असला, फाटकावर ओरडून ओरडून कमावलेला. हळू बोलायचं तिला जमायचंच न्हाई.

माझी लेक कुसुम. नांदेडकडच्या एका गावात दिली होती. त्या गावाचं नाव मी घेणार न्हाई. घराणं मंडळीतलंच, चर्चात पुढच्या ओळीत बसणारं, सासरा बायबल काखेत घेऊनच फिरायचा. आणि घरात पोरीला तोंड दाबून बुक्क्यांचा मार. सत्त्याऐंशीच्या पौषात ती पहाटेच्या गाडीनं आली, एक हात हलत न्हवता. ह्या खेपेला तिला परत पाठवायची न्हाई असं ठरलं. पण माझ्या घरी ठेवायची म्हणजे सासरचे पहिल्यांदा तिथंच येणार. पालमला माझ्या माहेरची मैतरीण होती, शिवम्मा. वाण्याची विधवा, गळ्यात लिंग, बांगड्याचं दुकान, आणि जीभ कात्रीवाणी. ती म्हणली, "माझ्या दुकानाच्या माळ्यावर राहू दे. बघते कोण येतंय ते." कुसुम तिथं हाय हे मला, चंद्रभानला आणि कडूबाईला, तिघांनाच ठाऊक. पोटात मावेना म्हणून मी कडूबाईला सांगितलं होतं. सांगताना बजावलं होतं, "कुणाला बोलू नका." ती म्हणली, "देवाशिवाय कुणाला बोलणार?"

चैत म्हैना, शुक्रवार, दुपारचे बारा. मालगाडी पूर्ण्याहून निघालेली, फाटक बंद. पलीकडं दोन बैलगाड्या, एक जीप आणि एक टेंपो उभा. आमी आठ-नऊ बाया लिंबाखाली डोळे मिटून. कडूबाई उभ्या उभ्या प्रार्थना करत होती, कान टेलिफोनकडं, हातात हिरवी झेंडी. म्हाताऱ्या झाल्या, तापकरी झाले, आणि मंग ती म्हणली, "हे प्रभू, पालम गावी, एष्टी स्टँडच्या मागच्या गल्लीत, शिवम्माच्या बांगड्याच्या दुकानावरल्या माळ्यावर तुझं लेकरू कुसुम राहतंय. तिचा हात बरा कर. तिच्या सासरच्यांच्या नजरेपासून तिला लपीव."

"आमेन," फाटकाच्या पलीकडून बाप्याचा आवाज आला.

मी डोळे उघडले. टेंपोपाशी टोपी काढून, मान खाली घालून एकजण उभा होता. दत्तराव. कुसुमचा थोरला दीर. प्रार्थना ऐकू आली की टोपी काढून उभं राहायचं, हे त्याच्या आईनं त्याला ल्हानपणी शिकवलेलं. बायकोच्या जातीला मारू नये, हे शिकवायचं तेवढं राहून गेलेलं.

"सलाम मावशी," तो हसत म्हणला. "तीन म्हैने झाले धुंडायलोय. प्रभूनं आज ऐकलं बघा." आणि टेंपोत जाऊन बसला.

माझ्या पायाखालची जमीन सरकली. पालमला जायची सडक फाटकावरूनच होती. फाटक उघडलं की हा निघाला. मी कडूबाईकडं बघितलं. ती पांढरी फट पडली होती. जलमात पहिल्यांदा मी तिला एका जागी उभी बघितली. तेवढ्यात मालगाडी आली, आणि त्या खडखडाटात ती माझ्या कानाशी आली.

"तू हलू नको," ती म्हणली. "त्याची नजर तुझ्यावर हाय. तू उठलीस की त्याला कळंल. तू हितंच बस."

"मंग काय करू? नुसती बसू?"

तिनं कमलबाईला ओढून खोलीमागं नेलं. मला अर्धंच ऐकू आलं. मालगाडी आता चुडाव्यात थांबणार, तिथून पॅसेंजर सुटणार. ती धर. पूर्ण्याला उतर, पालमची एष्टी इचार, शिवम्माला गाठ. कमलबाई पदर तोंडात धरून मान हलवत होती, न्हाई, न्हाई. तिनं उभ्या जन्मात एकटीनं गाडीत पाय ठेवला न्हवता. कडूबाईनं तिच्या तोंडातला पदर ओढून काढला. "इचारायला तोंड लागंल," म्हणली. "जा."

कमलबाई रुळाच्या कडंकडंनं ठेसनाकडं पळाली. दत्तराव माझ्याकडं बघत होता. चटईवालीकडं कोण बघतंय?

पॅसेंजरसाठी फाटक बंदच होतं. वीस मिनिटांनी ती आली. तिसऱ्या डब्याच्या खिडकीत मला कमलबाई दिसली. समोर बघत बसलेली, दोनी हातांनी खिडकीचे गज धरलेले. पदर डोक्यावर होता, तोंडात न्हवता. गाडी गेली. आता फाटक उघडायचं होतं.

कडूबाईनं चावी चोळीत घातली, लिंबाखाली आली आणि म्हणली, "बायांनो, साखळी प्रार्थना."

तुमाला ठाऊक नसंल म्हणून सांगते. साखळी प्रार्थनेत सगळ्यांनी एकमेकींचा हात धरायचा. एकीनं प्रार्थना करायची, तिची संपली की तिनं पुढचीचा हात दाबायचा, की तिनं लागलीच सुरू करायचं. मधी खंड पडू द्यायचा न्हाई. साखळी पुरी होईपर्यंत कुणी उठायचं न्हाई, आणि त्यातून चालत बी जायचं न्हाई. कडूबाईनं बायांना सडकेवर, फाटकाच्या दांड्याला लागून बसवलं. उन्हात, डांबरावर.

पहिल्या दोघींनी केली. तिसरी नवीन पोरगी, ती "देवा, देवा" एवढंच म्हणत राहिली, पण पाच मिनिटं म्हणत राहिली. ज्या बाया सभेत घागरीमागं तोंड लपवायच्या त्या बोलायला लागल्या. एकीनं तर शेळी आजारी हाय ते बी सांगितलं. कुणी हसलं न्हाई.

पलीकडं माणसं वाढायला लागली. जीपवाला हॉर्न मारून खाली उतरला. "काय चाललंय? रस्ता रोको हाय का?"

"दिसतंय तरी तसंच," बैलगाडीवाला म्हणला.

"नामांतराच्या बाजूनं हाय का विरोधात?"

"काय की बाबा. डोळे मिटून बसल्यात. नवीन पद्धत निघाली आसंल."

दर दोन म्हैन्याला कुणी ना कुणी सडक अडवायचंच, त्यामुळं पहिला अर्धा घंटा कुणाला नवल वाटलं न्हाई. बैलगाडीवाल्यानं बैल सोडले आणि बिडी पेटवली. आणि दत्तराव? तो टोपी काखेत धरून उभा. माझ्या डोळ्यांच्या फटीतून मला दिसायचं. टेंपोपर्यंत जायचा, हॉर्नवर हात ठेवायचा, परत यायचा. चालू प्रार्थनेत हॉर्न वाजवायचा त्याचा हात होईना. मनात म्हणत असंल, आता उघडंल, मंग उघडंल. टेंपो सोडून जावं तर पलीकडून वाहन न्हाई, मागं फिरावं तर लांबचा फेरा. तो अडकला होता आणि मी बी अडकले होते. मला तिथून पळत सुटावं वाटत होतं. पाय आपोआप हलत होते. मनात एष्टीचे थांबे मोजत होते. कमल पूर्ण्याला उतरली आसंल. तिनं कुणाला इचारलं आसंल का? का बाकड्यावर पदर तोंडात धरून बसलीय? एष्टी चुकली आसंल तर? आणि ज्या बाईनं हे सगळं केलं ती माझ्या डोक्यावर उभी, तिच्या पायाची बोटं मला दिसत होती. ती बोटं डांबरात रुतवून उभी होती.

मंग शेजारच्या म्हातारीनं माझा हात दाबला. माझी पाळी.

मी तोंड उघडलं. काहीच आलं न्हाई. आली ती शिवी आली, ती मी गिळली. म्हातारीनं परत हात दाबला. वरून कडूबाई म्हणली, "तानू, बोल. काहीबी बोल."

"मला न्हाई जमत!" मी ओरडले.

साखळी तुटली. दत्तरावनं डोळे उघडले. टोपी डोक्यावर घातली आणि दांडा ओलांडून कडूबाईपुढं आला. "चावी दे."

"चावी चोळीत हाय," कडूबाई म्हणली. "काढतोस?"

बैलगाडीवाला हसला. दत्तरावचं तोंड लाल झालं. तेवढ्यात ती म्हातारी, सत्तर वर्षांची, दात न्हाईत, तिनं माझी पाळी बी स्वतःच घेतली आणि परत पहिल्यापासून सुरू केलं. बाकीच्यांनी हात धरले. माझा हात मधी तसाच लोंबत राहिला.

शेवटी जीपवाल्यानं ठेसनावर जाऊन मास्तरला सांगितलं. टेलिफोन वाजला. आमाला सगळ्यांना ऐकू आलं, तिचा आवाजच तसला. "व्हय साहेब. गाडी गेली. व्हय, फाटक बंदच हाय. कुलूप बिघडलं न्हाई साहेब. मीच बंद ठेवलंय." खोटं बोलली असती तर काय बिघडलं असतं? कुलूप अडकलं म्हणायचं! पण न्हाई. मास्तरनं हुकूम दिला, तिनं फाटक उघडलं. गाडी जाऊन घंटा आणि दहा मिनिटं झाली होती. टेंपो धुरळा उडवत गेला.

त्यानंतर मी तिला जे बोलले ते अख्ख्या चुडाव्यानं ऐकलं. इतकी वर्षं मी तिला तुमी म्हणत होते, त्या दिवशी तू म्हणलं. "उचलली जीभ लावली टाळ्याला! देवाला पत्ता पायजे होता तुझ्या? माझ्या लेकीला काही झालं ना, ह्याच रुळावर तुझं नाव घेऊन झोपीन." आणि थुंकले. तिच्या पायाजवळ थुंकले. ती म्हणली, "बोल. अजून बोल. पत्ता मीच दिला." आणि मंग रुळाच्या ह्या अंगाला, त्या अंगाला, दिवस मावळेपर्यंत येरझारा घालत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कमलबाई आली. माझ्या दारात उभी राहिली आणि बोलायला लागली. पाच वर्षांचं साठलेलं! पूर्ण्यात तिनं पालमची एष्टी कंडक्टरला इचारली, तो हसला तर त्याला दरडावलं. शिवम्माचं दुकान चौघांना इचारलं. शिवम्मानं ऐकल्याबरोबर कुसुमला पोखर्णीच्या एष्टीत घातलं, तिथं शिवम्माची नणंद नागुबाई राहायची. एष्टी हलली आणि पाऊण घंट्यानं टेंपो आला. दत्तराव दुकानात शिरला तर शिवम्मानं त्याचा हात धरून माप बघितलं आणि म्हणली, "ह्या हाताला हिरव्या बऱ्या दिसतील. भरू का?" सारी गल्ली जमा झाली. तो मुकाट माघारी गेला. कमलबाई हे सांगता सांगता हसत होती, रडत होती. मी तिला चहा दिला. ती दोन कप प्याली आणि परत पहिल्यापासून सांगितलं.

आता तुमी म्हणाल, लेक वाचली, भांडण मिटलं. मिटलं न्हाई. मी सभेला जायचं सोडलं. आणि कडूबाईनं मोठ्यानं प्रार्थना करायची सोडली. बाया सांगायच्या, ती येती, सगळ्यांना कामं वाटती, आणि प्रार्थनेच्या वेळी खोलीत जाऊन टेलिफोनपाशी उभी राहती. ती गप, म्हणून बाकीच्या बी गप व्हायला लागल्या. दोघी-तिघी यायच्या बंद झाल्या.

मंग तिला चार्जशीट आली. गाडी न्हाई, हुकूम न्हाई, आणि फाटक घंट्यावर बंद. चौकशी पूर्ण्याला. नोकरी जाणार असं गँगमधी सगळे म्हणायले. चंद्रभान म्हणला, "कुणाच्या जिवाला धोका होता असं कुणी लिहून दिलं तर वाचंल बाई." लिहून कोण देणार? एक तर कुसुम, न्हाईतर मी.

कमलबाई माझ्याकडं आली. "तानुबाई, चला. जबानी द्या."

मी म्हणलं, "सरकारी कागदावर माझ्या लेकीचं नाव? एकदा पत्ता फोडला तेवढं बस झालं." तिला हाकलली. लेकीची इज्जत, लेकीचा जीव, सगळं बोलले. आणि खरं सांगू? मनात म्हणत होते, भोगू दे. एवढ्या जोरानं भोगू दे म्हणत होते की रात-दिवस दुसरं काही सुचत न्हवतं. भाकरी करपायच्या. कडूबाईनं मला एका शब्दानं इचारलं न्हाई. तिनं इचारलं असतं तर मला न्हाई म्हणायला बरं झालं असतं.

चौकशीच्या दिवशी बाजाराचं निमित्त काढून मी पूर्ण्याला गेले. कशाला गेले? घरात राहवेना म्हणून. कचेरीसमोरच्या झाडाखाली उभी राहिले, बसले, परत उभी राहिले. कडूबाई माझ्यासमोरून आत गेली, मला बघून थांबली न्हाई. आणि मंग एष्टी स्टँडाकडून तिघी आल्या. कमलबाई, शिवम्मा आणि माझी कुसुम.

मी आडवी गेले. "कुठं निघालीस?"

"जबानी द्यायला."

"दत्तरावाला कळंल."

"कळू दे. किती गावं बदलू, आई?" तिचा हात बरा झाला होता. त्या हातानं तिनं मला बाजूला केलं. जोरात न्हाई, पण केलं. जाता जाता म्हणली, "तू येतीस का?"

 त्या आत गेल्या. खिडकी उघडी होती, मी भिंतीला लागून उभी राहिले.

कडूबाई आधी कुसुमवरच खेकसली, "तू कशाला आलीस? जा परत!" साहेबांनी तिला गप केलं. कुसुम बोलायला लागली. सरळ बोलली, रडली न्हाई. काय काय सांगितलं ते मी हितं सांगणार न्हाई. आईला जे ठाऊक न्हवतं ते मी खिडकीतून ऐकलं. कारकून लिहीत होता, मधी मधी थांबायचा. मंग साहेबांनी इचारलं, "मग तू आधीच आईकडं का गेली न्हाईस?"

"गेले होते," कुसुम म्हणली. "दोनदा गेले. आईनं दोनदा परत पाठवलं. पदरात पडलं ते पवित्र म्हणली. तिसऱ्यांदा गेले तवा ह्या कडूबाई ठेसनावर गाडीपाशीच होत्या. त्यांनी माझा हात बघितला आणि मला धरून घरी नेलं. आईला म्हणल्या, हिला परत पाठवलीस तर मी ह्या फाटकावरून तुला जाऊ देणार न्हाई."

 पुढं कडूबाईची एक पगारवाढ रोखली आणि नोकरी राहिली, पण ते त्या वक्ताला कुणालाच म्हाईत न्हवतं. साहेब म्हणले, "आई कुठं असते हिची?"

"साहेब," कडूबाई घाईनं म्हणली, "आईचं नाव कशाला? तिचा काय संबंध? फाटक मी बंद ठेवलं."

मी भिंत सोडली. दारात शिपाई होता, त्यानं अडवलं, त्याला ढकललं. साहेबांपुढं जाऊन उभी राहिले.  कुसुमकडं बघायची हिंमत न्हवती, कडूबाईकडं तर न्हवतीच.

"मी तिची आई," म्हणलं. "पोरगी बोलली ते खरं हाय. दोनदा मीच तिला माघारी धाडली. गाडीत मीच बसवली."

कारकुनानं साहेबांकडं बघितलं. साहेब म्हणले, "बाई, हे कागदावर घ्यायची गरज न्हाई."

"हाय," मी म्हणलं. "लिहा."